सिमरोलच्या शेतातली उल्कामोजणी: २९, २२ आणि ११

५ मे २०२४, रविवारची रात्र. पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य त्रयोदशी. इंदूरहून खंडवा रोडने निघून सिमरोलच्या थोडं पुढे, एका परिचितांच्या शेतात आम्ही तिघं उल्का मोजायला बसलो होतो. पहाटे ३ ते ४:३०, अशी नेमकी दीड तासाची मोजणी. शेत एकच, आकाश एकच, वर्षाव एकच. मोजणी संपल्यावर वहीत आले ते आकडे मात्र असे: काका २९, भाचा २२, मी ११.

तिघांपैकी कुणीही खोटं बोलणारं नाही. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे बंधू, वय ६८. सत्तावीस नक्षत्रं बोटांवर, आणि मार्च १९८६ च्या पहाटे याच रस्त्यावर उभं राहून हॅलेचा धूमकेतू पाहिलेला माणूस. भाचा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी ५२ वर्षांची, नववी-दहावीला गणित शिकवते आणि गेली काही वर्षं उल्कांच्या नोंदी ठेवते. मग अकराचे एकोणतीस कसे झाले? सोमवारची सबंध दुपार या एका प्रश्नात गेली. उल्कामोजणी करू पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर मांडते.

आधी आकाशाचं

हा वर्षाव ईटा ॲक्वेरिड्सचा, म्हणजे कुंभ राशीतल्या ईटा ताऱ्याजवळून उल्का निघताना दिसतात तो. साधारण १९ एप्रिल ते २८ मेपर्यंत चालतो, भर ५-६ मेच्या आसपास. हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी वर्षात दोनदा जाते, मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये मृग नक्षत्राकडून येणाऱ्या ओरायनिड्सच्या वेळी एकदा. हॅलेची कक्षा उलट दिशेची असल्याने त्याचे कण आपल्याला जवळजवळ समोरून धडकतात, सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाने. म्हणून या उल्का झर्रकन जातात आणि त्यातल्या बऱ्याच मागे उजळ रेघ सोडतात, ती काही सेकंद टिकते. या रेघेला आमच्या प्रकरणात फार महत्त्व आहे, पुढे सांगते.

खुद्द हॅले डिसेंबर २०२३ मध्ये नेपच्यूनच्या कक्षेपलीकडच्या आपल्या सर्वांत दूरच्या टोकाला पोचून परत फिरला. आता तो २०६१ मध्ये येईल. भाच्याने लगेच हिशेब केला, तेव्हा तो ५६ वर्षांचा असेल.

वेळ ठरवताना एक गोष्ट इंदूरकरांनी विसरू नये. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७५.९ अंशांच्या जवळ. म्हणजे तारे आपल्याकडे घड्याळाच्या मानाने २६ मिनिटं उशिरा येतात. 'स्थानिक वेळेनुसार' छापलेला तक्ता जसाच्या तसा वापरला की अर्धा तास चुकतोच. आमच्या हिशेबाप्रमाणे उल्कांचा उगमबिंदू दोनच्या सुमारास बरोबर पूर्वेला उगवणार होता. तीन वाजता तो जेमतेम १३ अंशांवर, साडेचारला ३४ अंशांवर. साडेचारपासून संधिप्रकाश सुरू. म्हणजे उपयोगाची खिडकी फक्त दीड तासाची. चंद्राची कोर चारनंतर उगवणार होती, पण अमावास्येच्या तोंडावरची ती बारीक कोर कुणाला अडवणार?

जागा निवडतानाही पूर्व दिशा डोळ्यांपुढे होती. सिमरोलहून इंदूरच्या दिव्यांचा उजेड उत्तरेला पडतो, पूर्व बरीच काळी राहते. उकाड्याचा प्रश्न नव्हता. माळव्याची रात्र मेमध्येही पहाटे गोधडी मागते. प्रश्न होता धुराचा. गहू निघून गेले की आमच्याकडे काही शेतकरी नरवाई, म्हणजे गव्हाची धसकटं, पेटवून देतात. त्या रात्रीही दूर दक्षिणेला एक लाल पट्टा जळताना दिसत होता आणि क्षितिजापासून दहा-बारा अंशांपर्यंत आकाश मळकट होतं. त्याच्या वर मात्र आकाशगंगा वृश्चिकापासून हंसापर्यंत सलग दिसत होती.

तीन खाटा

अडीचला पोचलो. शेतावरच्या तीन बाजा ओढून शेजारी शेजारी लावल्या, पाय पूर्वेला. टॉर्चला संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद गुंडाळला होता. नोंद लिहायला खाली पाहिलं की नजर आकाशातून निघते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर आवाजाची नोंद सुरू करून मोबाइल उशाशी पालथा ठेवायचा, आणि उल्का दिसली की बोलायचं: कुंभेतली की भटकी (म्हणजे या वर्षावाबाहेरची), किती तेजस्वी, मागे रेघ राहिली का. तीन वाजता मी एकदा जोरात टाळी वाजवली. तिन्ही मोबाइलवर ती टाळी नोंदली गेली. पुढे सगळा उलगडा झाला तो या टाळीमुळे.

टाळीच्या आधीच, २ वाजून ४१ मिनिटांनी, त्या रात्रीची सर्वांत सुंदर उल्का गेली. उगमबिंदू क्षितिजाजवळ असताना कण वातावरणाला घासत जातात, तसली. पूर्वेच्या धुरातून वर आली, श्रवणाच्या खालून माथ्यावर गेली आणि स्वातीकडे उतरत विझली. चार सेकंद तरी नक्की. तिघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मोजणी सुरू झालेली नव्हती, म्हणून ती कुणाच्याच आकड्यात नाही.

पुढचा दीड तास शांत गेला असं म्हणता आलं असतं, पण ४:१० ला शेजारच्या शेतातला राखणदार आला. मोटारीची केबल चोरीला जाण्याचे प्रकार होत असतात, त्याला अंधारात माणसं हलताना दिसली. "कूण है?" असं ओरडत त्याने मोठा पांढरा टॉर्च थेट माझ्या चेहऱ्यावर मारला. मी कडेच्या बाजेवर होते, बाकी दोघं माझ्या आड, त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ते वाचले. चूक त्याची नाही, माझी. रात्री कुठेही आकाश बघायला जाताना शेजारच्या शेतात आधी सांगून ठेवायचं असतं, आणि ते मी केलं नव्हतं. काकांनी त्याला जवळ बसवून थर्मासमधला चहा दिला.

सोमवारची दुपार

रामबागेतल्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन मोबाइल, एक वही, चिवड्याची ताटली. तिन्ही नोंदी टाळीपासून जुळवून घेतल्या आणि सेकंदागणिक ऐकत गेलो. दीड तासाची नोंद तीन वेळा ऐकायला साडेचार तास लागतात, हे आधीच सांगते. पण दुसरा उपाय नव्हता.

पहिला उलगडा काकांच्या नोंदीत झाला, आणि तो ऐकताना मला वाईट वाटलं. भाच्याचा आवाज: "गेली! कुंभेतली, दोन, रेघ." मग दीड-दोन सेकंदांनी काकांचा: "हो, दिसली." असं एकदा नाही, नऊ वेळा. माझ्या हाकेनंतर आणखी दोनदा. एकूण अकरा.

काका म्हणाले, "अगं, पण मी पाहिल्या त्या. कल्पना नाही केली."

ते खरं होतं. मी त्यांना एकेक आठवून सांगायला लावलं. ते म्हणाले, श्रवण आणि कुंभ यांच्या मध्ये खडूने ओढून फुंकर मारावी तशी फिकी रेघ होती, मी वळलो तेव्हा ती वरच्या टोकाकडून पुसली जात होती. म्हणजे त्यांनी उल्का पाहिली नव्हती, तिची रेघ पाहिली होती. हाक ऐकून मान वळवेपर्यंत उल्का विझलेली, रेघ शिल्लक. रेघ न सोडणाऱ्या एखाद्या वर्षावात हे इतक्या वेळा झालंच नसतं, तिथे वळून काही दिसलं नसतं. हॅलेची धूळ रेघ सोडते म्हणून काकांची नजर खरी ठरली आणि मोजणी तरी चुकली.

कारण मोजणीचा प्रश्न 'किती उल्का पडल्या' असा नसतोच. एकट्या माणसाला, कुणी न सांगता, त्याच्या नजरेच्या टप्प्यात किती दिसल्या, असा तो असतो. पुढचं सगळं गणित या एकाच माणसाच्या नजरेवर उभं असतं. हाकेमुळे दिसलेली उल्का धरली की काकांच्या डोळ्यांना भाच्याचे डोळे जोडले जातात, आणि गणिताला ते कळायचा काही मार्ग नसतो. हे मी काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच पेन्सिल घेऊन अकरा ओळींवर आडवी रेघ मारली. दोन ठिकाणी त्यांचा आणि भाच्याचा आवाज एकदमच आला होता. त्या दोन्ही ठेवल्या.

मी नियोजन करणारी. तीन बाजा हाकेच्या अंतरात, एकाच दिशेला तोंड करून मी लावल्या होत्या. बाजा वीस-पंचवीस पावलं लांब असत्या आणि मोठ्याने ओरडायचं नाही एवढं मी सांगितलं असतं, तर ही काटछाट करावी लागली नसती.

काकांच्या उरलेल्या अठरातून दोन उपग्रह निघाले. पहाटे सव्वाचारच्या सुमारास उंचावरच्या उपग्रहांवर ऊन पडू लागतं आणि एखादा क्षणभर झळकून विझतो. काकांच्या नोंदीत "हळू होती, जागेवरच वाढली" असं त्यांनी प्रामाणिकपणे म्हटलेलंच होतं, म्हणून ओळखता आलं. तीन उल्का भटक्या, मागे वाढवलेली रेषा कुंभेकडे जात नव्हती. राहिल्या तेरा.

भाच्याचा प्रश्न वेगळा होता. त्याने बाजूला कॅमेरा लावला होता आणि मधेच एकदा तो पाहायला उठला. किती वेळ? "दोन मिनिटं, मावशी." नोंदीत ३:३६ ला बाज करकरली, मग कॅमेऱ्याची बटणं, पुटपुटणं, लेन्सवर दव नाही ना असा स्वतःलाच प्रश्न, आणि ३:४६ ला पुन्हा बाज करकरली. दहा मिनिटं. त्याला स्वतःलाच खरं वाटेना, दोनदा लावून ऐकलं. काम करत असलेल्या माणसाला वेळ कळत नाही, आणि प्रत्येक वेळी तो स्वतःच्या बाजूनेच कमी वाटतो. मोजणीत भरलेला वेळ म्हणजे डोळे खरोखर आकाशाकडे असलेला वेळ. चहा ओतला, खोकला आला, वही शोधली, हे सगळं वजा. त्याच्या २२ पैकी चार भटक्या, अठरा कुंभेतल्या, पण ९० मिनिटांत नव्हे, ८० मिनिटांत.

आणि माझे ११? त्यातल्या दोन भटक्या, नऊ कुंभेतल्या. माझा वेळ ४:१० ला संपला. अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या टॉर्चने एका क्षणात जाते आणि परत यायला २०-३० मिनिटं लागतात. तोवर पूर्वेला फटफटायला लागणार होतं. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासातली माझी फक्त पहिली दहा मिनिटं.

डोळ्यांचा हिशेब

आता उरलेला फरक डोळ्यांचा. प्रत्येकाला किती फिका तारा दिसतो हे मोजणीच्या आधी आणि मधे ठरवून घ्यायचं असतं. त्यासाठी आकाशात ठरावीक ताऱ्यांचे त्रिकोण नेमलेले आहेत. त्रिकोणाच्या आत किती तारे दिसतात ते मोजायचं, आणि तक्त्यावरून आपली सीमा कोणत्या प्रतीपर्यंत ते कळतं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका). आम्ही हंस आणि श्रवणाकडचे त्रिकोण घेतले. भाच्याची सीमा ५.९, माझी ५.५, काकांची ५.३ प्रत. वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण या दशांशांचं मोल फार आहे. या वर्षावासाठी एक प्रत कमी दिसली की दिसणाऱ्या उल्का साधारण २.४ पटींनी घटतात.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जो ताशी दर काढते, झेडएचआर, तो असा: उगमबिंदू अगदी माथ्यावर आहे, आकाश ६.५ प्रतीपर्यंत काळं आहे, असं धरलं तर एका माणसाला तासाला किती उल्का दिसल्या असत्या. तेव्हा दुरुस्त्या दोन, एक उंचीची, एक काळेपणाची. उंचीसाठी तीन अर्ध्या तासांच्या मधल्या क्षणी उगमबिंदूची उंची घेतली: साधारण १७, २४ आणि ३० अंश. दशांशांसह उंची धरून साइन किमती ०.२९, ०.४० आणि ०.५१. आमची दहावीची मुलं विचारतात ना, बाई हे त्रिकोणमिती कुठे लागतं, त्यांना मी आता हाच तक्ता दाखवते.

भाच्याचं गणित पूर्ण लिहिते. पहिला अर्धा तास ०.५ × ०.२९ = ०.१४५. दुसऱ्यात वीस मिनिटंच, म्हणून एक तृतीयांश × ०.४० = ०.१३३. तिसरा ०.५ × ०.५१ = ०.२५५. बेरीज ०.५३३ तास. म्हणजे ऐंशी मिनिटं जागून, उगमबिंदू माथ्यावर असता तर बत्तीस मिनिटांत झालं असतं तेवढंच काम त्याच्या पदरी पडलं. १८ भागिले ०.५३३ म्हणजे ३३.८. काळेपणाची दुरुस्ती २.४ चा ०.६ वा घात (६.५ वजा ५.९ म्हणजे ०.६), १.६९. गुणाकार ५७.

काकांच्या तेराचं याच रीतीने आलं ६२, माझ्या नवाचं ५०.

हे तीन आकडे इतके जवळ आले याचा आनंद झाला, पण त्यावर फार विसंबू नये. तेरा उल्कांवरून काढलेल्या ६२ ला १७ ची तरी कमी-जास्त आहे. भाच्याच्या ५७ ला १३ ची, माझ्या ५० ला पुन्हा १७ ची. ते ४५, ५५, ७५ असे आले असते तरी आम्ही तिघं एकच आकाश पाहत होतो असंच म्हणावं लागलं असतं. माझं समाधान वेगळ्या गोष्टीत आहे. काकांचे कच्चे २९ तसेच पूर्ण दीड तासावर धरून गणितात घातले असते तर दर आला असता १३८. या वर्षावाचा दर सहसा ५० च्या आसपास असतो. २०१३ साली तो खरोखर नेहमीच्या दुपटीहून वर गेला होता, आणि जगभरच्या नोंदी जुळल्या म्हणून ते सिद्ध झालं. आमचा १३८ कुणा अभ्यासकाच्या तक्त्यात जाऊन बसला असता, तर सिमरोलच्या शेतातली तीन बाजांची मांडणी त्याला कशी कळणार होती?

असा आकडा मुद्दाम कुणी पाठवत नाही. तो काकांसारख्या, मनापासून आकाश बघणाऱ्या माणसाकडूनच जातो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हौशी गटाने उल्का मोजण्याआधी आवाजाची नोंद आणि टाळी शिकावी. आकडा दुय्यम. दिसलेली उल्का परत दाखवता येत नाही, ऐकवता मात्र येते.

नोंदी पाठवल्या त्या अशा

उल्का संघटनेसाठी तीन स्वतंत्र अर्ज भरले. काकांच्या अर्जात कुंभेतल्या १३, भटक्या ३. भाच्याच्या अर्जात १८ आणि ४, आणि ३:३६ ते ३:४६ खंड दाखवलेला. माझ्या अर्जात ९ आणि २, वेळ ४:१० पर्यंत. कॅमेऱ्यात एक उल्का सापडली, फार फिकी, पण भाच्याने ती मोठी करून काकांना दिली.

अक्षय्य तृतीयेला काका आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यांची स्वतःची डायरी घेऊन आले होते. तीत त्या अकरा उल्का होत्या, एकही खोडलेली नाही, प्रत्येकीपुढे 'मुलाने सांगितल्यावर रेघ पाहिली' असं लिहिलेलं. आणि सर्वांत वर २:४१ ची ती लांब उल्का. मी म्हटलं, "काका, अर्जापेक्षा ही नोंद जास्त पूर्ण आहे." त्यांनी पान उलटून ऑक्टोबरच्या ओरायनिड्ससाठी बाजांचा नकाशा दाखवला: तीन बाजा तीन कोपऱ्यांना, मधे विहीर.

माझ्या वहीत ४:१० ला एक जाड रेघ आहे. तिच्या खाली तीन उल्का लिहिल्या आहेत, कुठल्याही बेरजेत नसलेल्या. पहिल्या दोन ठळक होत्या, बिघडलेल्या डोळ्यांनाही दिसल्या. तिसरी ४:२२ ची. शनीच्या वरून निघून उत्तरेला गेली. चहाचा पेला हातात धरून बसलेला राखणदार माझ्याआधी म्हणाला, "तारो टूट्यो." म्हणजे त्याच्या हाकेनंतर मी वळले आणि रेघ पाहिली.